गांजाचा वाद आणि त्यातील तीन प्रश्न

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चौदाव्या किलोमीटरच्या सुमारास, चितेगाव लागते. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे एके काळी महाराष्ट्रभर परिचित झालेले हे गाव निम्मे कारखान्यांचे आणि निम्मे शेतीचे आहे. रस्त्यालगत गोदामे व भिंतींची आवारे, पुढे बिडकीनकडे औद्योगिक वसाहतीसाठी संपादन झालेल्या जमिनी, आणि त्यांच्या मधून, मागून, जिथे काळी जमीन शिल्लक आहे तिथे कपाशी आणि तूर. अशा गावच्या सरपंचावर अनेक कर्तव्ये कायद्याने सोपविलेली असतात, त्यांतले एक फारसे कोणाच्या लक्षात नसते. गावाच्या शिवारात कोणी अफूचे किंवा गांजाचे बेकायदा पीक घेतले आहे असे कळताच त्याने तत्काळ वर्दी दिली पाहिजे, आणि अशी वर्दी देण्यात कसूर केल्यास तो स्वतः शिक्षेस पात्र होतो, असे १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाचे ४७ वे कलम सांगते. त्याआधीचे ४६ वे कलम हेच ओझे जमिनीच्या धारकावर ठेवते. गांजा कायदेशीर करावा की नाही, हा वाद महानगरांतील सुशिक्षितांचा आहे, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ही दोन कलमे वाचावीत. तो वाद शेताच्या बांधापर्यंत केव्हाच येऊन पोहोचला आहे.

किंबहुना बांधावरूनच तो उठल्याचेही उदाहरण आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज केला, की कोणत्याही पिकाला लागवडीचा खर्च निघेल एवढा भाव मिळत नाही, गांजाला मात्र बाजारात चांगला भाव आहे, सबब आपल्या दोन एकर शेतात गांजा लावण्याची परवानगी मिळावी. आणि ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे आपण समजू, असेही त्याने त्यात नमूद केले. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातून पोलिसांकडे गेला, आणि पोलिसांनी तो प्रसिद्धीसाठी केलेला प्रकार ठरविला. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर २०२० मध्ये, गोव्यात औषधी उपयोगापुरत्या मर्यादित लागवडीच्या प्रस्तावाला विधी खात्याने अनुकूल अभिप्राय दिल्याचे वृत्त बाहेर येताच तिथे मोठे काहूर उठले आणि शासनाला त्या प्रस्तावापासून अंतर राखावे लागले. दोन्ही प्रसंगी चर्चा झाली ती एकाच साच्यातली: एका बाजूने ‘खुला करा’, दुसऱ्या बाजूने ‘मुळीच नको’. वस्तुतः मोहोळचा अर्ज पिकाच्या भावासंबंधी होता, गोव्याचा प्रस्ताव औषधासंबंधी होता, आणि दोहोंवर तुटून पडणाऱ्यांच्या मनात चिंता होती ती तरुण पिढीच्या व्यसनाची. या तिन्ही गोष्टी एकाच शब्दाखाली कोंबल्या गेल्यामुळे हा वाद वर्षानुवर्षे जागचा हलत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ओढणाऱ्याचे काय करावे, पिकविणाऱ्याचे काय करावे, आणि विकणाऱ्याचे काय करावे, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. त्यांची उत्तरेही स्वतंत्र असू शकतात, आणि ती शोधण्यापूर्वी वस्तू काय आहे, तिचा इतिहास काय आहे आणि कायदा काय आहे, हे शांतपणे पाहिले पाहिजे.

गांजाचे झाड हे एका हंगामाचे आयुष्य असलेले क्षुप होय. त्याची नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात, आणि या व्यापाराचे सारे रहस्य या भेदात आहे. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर सूक्ष्म रोमांतून एक चिकट राळ स्रवते. मादक द्रव्य मुख्यतः त्या राळेत असते. नराचे पराग मादीवर पडून बीजधारणा झाली, की झाडाची शक्ती बियांकडे वळते आणि राळेचा पाझर उणावतो. म्हणून जुने लागवडदार शेतातील नर झाडे फुलण्यापूर्वीच हुडकून उपटून टाकीत. बंगालमध्ये या कामासाठी ‘पोद्दार’ म्हणून ओळखले जाणारे खास जाणकार बोलाविले जात. ते शेतात ओळीओळीने फिरत, कोवळ्या झाडाच्या पेरांशी उगवणाऱ्या कळ्या निरखून नर-मादी ओळखीत, आणि एखादे नर झाड नजरेतून सुटले तर शेजारच्या मादी झाडांचा माल बियांनी भरून हलका ठरे. पीक तयार झाले म्हणजे ताटे कापून उन्हात पसरीत आणि शेंडे पायांनी तुडवून दाबीत, त्यामुळे राळ व फुलोरा एकजीव होई. या राळयुक्त शेंड्यांना गांजा म्हणतात. केवळ पानांपासून होते ती भांग. आणि राळ वेगळी काढून तिच्या गोळ्या किंवा वड्या केल्या म्हणजे चरस. याच जातीचे झाड दाट पेरून उंच वाढविले तर त्याच्या सालीपासून बळकट वाख निघतो आणि बियांपासून खाद्य तेल मिळते. एकाच कुळातून नशा, औषध, दोर, कापड आणि अन्न अशा निरनिराळ्या वाटा फुटतात, हे लक्षात ठेवल्यास पुढील विवेचन सुकर होईल.

राळेतील मुख्य मादक घटक टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी, हा शुद्ध स्वरूपात वेगळा काढून त्याची रचना निश्चित करण्याचे श्रेय इस्रायलचे रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांच्याकडे जाते. ते वर्ष १९६४. पुढे १९८८ मध्ये मेंदूतील पेशींवर या द्रव्याला धरून ठेवणारी विशिष्ट ग्रहणस्थाने असल्याचे सिद्ध झाले, आणि स्मृती, भूक, वेदना, काळाचे भान यांवर गांजाचा परिणाम का होतो याचा उलगडा झाला. चिलमीतून ओढलेला धूर काही मिनिटांत मेंदूवर अंमल करतो. पोटात गेलेली भांग मात्र तासभर, कधी त्याहूनही अधिक वेळ घेते, आणि त्यामुळे ‘काहीच चढली नाही’ असे वाटून माणूस आणखी घेतो व पुढे घाबरगुंडी, उलट्या, भ्रम यांनी हैराण होतो. दुसरा घटक कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, नशा आणीत नाही. बालकांच्या काही दुर्धर अपस्मारांवर त्यापासून केलेल्या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामकांनी जून २०१८ मध्ये मान्यता दिली. या औषधी बाजूचे आधुनिक अध्ययन मुळात आपल्याच देशात सुरू झाले होते. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर विल्यम ओशॉघ्नेसी यांनी १८३९ मध्ये प्राण्यांवर व रुग्णांवर गांजाचे प्रयोग करून त्यांचे वृत्त प्रसिद्ध केले, आणि तिथून हे औषध युरोपात गेले.

हानीची बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. गांजा ओढणाऱ्यांपैकी साधारणतः दहांत एकाला त्याची लत लागते, आणि आरंभ कुमारवयात झाला असेल तर हे प्रमाण वाढते. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. त्या काळात नित्य सेवन करणाऱ्या मुलांच्या स्मरणावर व एकाग्रतेवर अनिष्ट परिणाम दिसून येतो, आणि ज्यांच्या घराण्यात मनोविकाराची पार्श्वभूमी आहे त्यांच्यात चित्तभ्रमाचा धोका बळावतो. शिवाय आजचा माल पूर्वीचा राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या नमुन्यांत टीएचसीचे प्रमाण १९९५ च्या सुमारास चार टक्क्यांच्या आसपास होते, ते पंचवीस वर्षांत पंधरा टक्क्यांच्या घरात गेले. ‘आमचे आजोबा ओढीत आणि नव्वदी गाठीत’ असे सांगणाऱ्यांनी आजोबांच्या चिलमीतला गांजा आणि आजच्या पुडीतला गांजा एकच आहे असे गृहीत धरू नये.

आता इतिहासाकडे वळू. पैठणला गोदावरी ओलांडली की शेवगावची हद्द सुरू होते, म्हणजे जुना अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. अलीकडे निजामाची राजवट आणि पलीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा, अशी विभागणी असताना, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर जिल्हा हा मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीचा मुख्य प्रदेश होता. खानदेश व सातारा त्याच्या मागून येत. ही लागवड चोरीची नव्हती. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यान्वये परवाना, मक्ता, दुकान व कर अशी रीतसर व्यवस्था होती, आणि सरकारच्या तिजोरीत तिचा महसूल जमा होत असे.

या महसुलावरच विलायतेत आक्षेप निघाला. मद्यपाननिषेधाचे कडवे पुरस्कर्ते विल्यम केन यांनी मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न उपस्थित केला, आणि त्यातून त्याच वर्षीच्या जुलैत भारत सरकारने एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सभासदांत इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर तीन भारतीय गृहस्थही होते. या आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या, त्यांत डॉक्टर, वैद्य, मामलेदार, मिशनरी, लागवडदार, साधू असे सर्व थरांचे लोक होते, आणि १८९४ मध्ये तीन हजारांहून अधिक पृष्ठांचा अहवाल सादर केला. एखाद्या मादक वस्तूची एवढी विस्तृत चौकशी त्याआधी जगात कोठे झाली नव्हती, आणि नंतरही क्वचितच झाली.

त्या अहवालातील एक प्रकरण आजही प्रत्येक धोरणकर्त्याने अभ्यासावे असे आहे. गांजाने माणसे वेडी होतात हा त्या काळचा सर्वमान्य सिद्धान्त होता, आणि त्याला आधार म्हणून वेड्यांच्या इस्पितळांचे तक्ते दाखविले जात. आयोगाने १८९२ सालातील इस्पितळांची प्रकरणे एकेक करून तपासली. त्या वर्षी दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा, भांग अथवा चरस असे नोंदलेले होते. ही नोंद झाली कशी, याचा माग काढता असे दिसून आले, की रुग्णाबरोबर पोलिसांकडून अथवा मॅजिस्ट्रेटकडून जे वर्णनपत्र येई त्यात ‘वेडाचे कारण’ असा रकाना असे. रस्त्यात सापडलेल्या बेवारशी माणसाचे पूर्ववृत्त कोणालाच ठाऊक नसे. रकाना मात्र रिकामा ठेवून चालत नसे. आणि त्या इसमाने कधी चिलीम ओढली होती एवढे कळले, की तिथे गांजाचे नाव पडे. इस्पितळाचे डॉक्टर तीच नोंद आपल्या वहीत उतरवून घेत, वार्षिक अहवालात तिचा आकडा होई, आणि तो आकडा पुढे शास्त्रीय पुरावा म्हणून मिरवे. प्रत्यक्ष चौकशीअंती २२२ पैकी केवळ ६१ प्रकरणांत निव्वळ या द्रव्यांना, आणि आणखी ३७ प्रकरणांत अन्य कारणांबरोबर या द्रव्यांना जबाबदार धरता येईल, असे आयोगाने ठरविले. म्हणजे धोका निराधार नव्हता, पण तो दुपटीहून अधिक फुगवून सांगितला गेला होता.

आयोगाचा निष्कर्ष असा, की माफक सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही, अतिसेवन निश्चितच घातक आहे, आणि संपूर्ण बंदी इष्ट नाही. सबब लागवड परवान्याशिवाय होऊ नये व ती ठरावीक भागातच व्हावी, मालावर पुरेसा कर असावा, दुकानांची संख्या आवरावी, आणि एका व्यक्तीने किती माल जवळ बाळगावा याला मर्यादा घालावी. गांजा खुला करावा म्हणणारे आज या अहवालाचा हवाला उत्साहाने देतात. तो देताना दोन गोष्टी विसरता येणार नाहीत. एक, आयोग नेमणारे सरकार स्वतःच या व्यापाराच्या महसुलाचे धनी होते. दुसरी, आयोगाने शिफारस केली ती मोकळीक नव्हे. तो बारकाईने आखलेला बंदोबस्त होता, आणि त्याचा हेतू महसूल वाढविण्यापेक्षा सेवन आवरणे हा असावा असे त्याने स्वतः बजावले होते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा दारूइतकाच गांजा-भांगेलाही लागू होता, आणि मराठवाडा त्या राज्यात आल्यावर आपल्याकडेही त्याचा अंमल सुरू झाला. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९६१ च्या अमली पदार्थविषयक एकल कराराने गांजा व चरस यांना अत्यंत कठोर यादीत बसविले, परंतु पाने त्या व्याख्येतून वगळली, आणि जिथे परंपरेने सेवन चालते त्या देशांना ते थांबविण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत दिली. ती मुदत संपत येत असताना, १९८५ मध्ये, आपल्या संसदेने आजचा कायदा केला. त्याच्या व्याख्येनुसार गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंड्यांपासून वेगळी असलेली पाने व बिया गांजात मोडत नाहीत. म्हणूनच उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकाने चालू शकतात. विशेष असे, की डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कठोर यादीतून काढले, तेव्हा भारताने त्या बदलाच्या बाजूने मत दिले. देशातील कायदा मात्र आहे तसाच राहिला.

या कायद्याची सारी भिस्त वजनकाट्यावर आहे. २००१ च्या दुरुस्तीपासून प्रमाणानुसार तीन पायऱ्या पडल्या. एक किलोपर्यंतचा गांजा हे अल्प प्रमाण, त्याला एक वर्षापर्यंत कैद अथवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोंहून अधिक ते व्यापारी प्रमाण, त्याला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाचा आरोप आला, की ३७ वे कलम लागू होते, आणि आरोपी निर्दोष असल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे असे न्यायालयाला वाटल्याखेरीज जामीन मिळत नाही.

आता हे वजन होते कसे ते पाहावे. तुरीच्या किंवा कपाशीच्या ओळींआड आठ-दहा झाडे लावल्याची खबर येते. फौजदार पंचांना घेऊन शेतात जातो. झाडे मुळासकट उपटली जातात, त्यांचा भारा बांधून काट्यावर चढविला जातो, आणि पंचनाम्यात आकडा पडतो. त्या आकड्यात ओल्या खोडाचे, फांद्यांचे, पानांचे आणि मुळांना चिकटलेल्या काळ्या मातीचेही वजन असते. कायद्याने ज्याला गांजा म्हटले त्या शेंड्यांचा वाटा त्यात किती, हे अनेकदा वेगळे तोललेलेच नसते. वीस किलोंची रेषा अशा भाऱ्याने सहज ओलांडली जाते, आणि त्या रेषेच्या पलीकडे दहा वर्षांची किमान शिक्षा आहे. जामिनाच्या सुनावणीत उच्च न्यायालयांनी, त्यांत मुंबई उच्च न्यायालयानेही, हा भेद लक्षात घेतला आहे. पण उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत किती अल्पभूधारकांना असते? १८९२ सालच्या रकान्यात आणि या काट्यात मला एकच दोष दिसतो. तपास करून ठरवावयाची गोष्ट नोंदीच्या सोयीने ठरविली जाते, आणि तिचे परिणाम माणसाच्या आयुष्यावर होतात. शेंडे वेगळे करून, वाळवून, दंडाधिकाऱ्यासमक्ष वजन करण्याची सक्ती केली तर गुन्हेगाराला त्यातून काही सवलत मिळत नाही, निरपराधाचे मात्र रक्षण होते. आणि यासाठी गांजा कायदेशीर करण्याची मुळीच आवश्यकता नाही.

इतके पाहिल्यावर तिन्ही प्रश्नांकडे एकेक करून जाता येईल. पहिला ओढणाऱ्याचा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, दहा ते पंचाहत्तर वयोगटातील २.८ टक्के भारतीयांनी, म्हणजे ३.१ कोटी लोकांनी, मागील वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता, त्यांपैकी १.३ कोटी गांजा-चरस ओढणारे. मदतीची गरज आहे असे सेवनकर्ते सुमारे ७२ लक्ष. त्याच सर्वेक्षणात दारू पिणारे १६ कोटी निघाले. गांजाच्या सेवनाबद्दल २७ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला ६४-अ कलमाने खटल्यापासून अभय आहे. परंतु पकडला गेलेला विशीतला कारखाना-कामगार प्रथम कोठडीत जातो. त्या अभयाची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. नोकरी जाते, चारित्र्याच्या दाखल्यावर शेरा पडतो, आणि जिथे त्याची चिलीम सुटावयाची तिथे त्याची गाठ पडते ती त्याहून वाईट व्यसनांच्या सोबत्यांशी. पोर्तुगालने २००१ पासून सर्वच अमली पदार्थांच्या वैयक्तिक सेवनापुरता फौजदारी गुन्हा रद्द केला. अशा व्यक्तीला न्यायालयाऐवजी कायदा, आरोग्य व समाजकार्य जाणणाऱ्यांच्या मंडळापुढे नेतात. विक्री तिथेही गुन्हाच राहिली. गुन्हा काढून घेणे आणि विक्री मोकळी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: ओढणाऱ्याला तुरुंग नको, उपचार हवा.

दुसरा प्रश्न पिकविणाऱ्याचा, आणि मराठवाड्यात तो अत्यंत जिव्हाळ्याचा. मोहोळच्या अर्जदाराची व्यथा खरी होती, तिला प्रसिद्धीचा सोस म्हणून उडवून देणे अन्यायाचे होय. परंतु त्याच्या अर्जातील हिशेब तपासला पाहिजे. गांजाला भाव आहे तो बंदीमुळे. आंध्र-ओडिशाच्या सीमेवरील डोंगरांतून निघालेला माल रस्त्याने व रेल्वेने महाराष्ट्रात येताना हातोहात महाग होतो, आणि त्या किमतीत मोठा वाटा असतो तो जोखमीचा. बंदी उठली की जोखीम जाते, आणि जोखमीबरोबर भावही जातो. कॅनडात आणि अमेरिकेतील अनेक राज्यांत परवानगीनंतर उत्पादन मागणीपेक्षा वाढून घाऊक भाव कोसळले. टिकले ते बहुतांशी भांडवलवाले. दोन एकरवाल्याचा तारणहार म्हणून या पिकाकडे पाहणे म्हणजे कांद्याच्या आणि कपाशीच्या अनुभवातून काहीच न शिकणे.

नशारहित वाणांची गोष्ट निराळी. १४ व्या कलमानुसार वाख, बी किंवा उद्यानविद्येच्या प्रयोजनासाठी शासन लागवडीस परवानगी देऊ शकते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये, टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे या अटीवर, अशी लागवड प्रथम मान्य केली. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये महसूलमंत्री जगतसिंह नेगी यांच्या समितीचा औद्योगिक व औषधी लागवडीस अनुकूल अहवाल स्वीकारला. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बिया, त्यांचे तेल व पीठ यांना खाद्य म्हणून मान्यता देऊन त्यांतील टीएचसीची मर्यादाही ठरवून दिली. तथापि अडचणी आहेत. उष्ण हवेत वाणातील टीएचसी मर्यादेपलीकडे गेले, तर सबंध पीक नष्ट करावे लागते; ताटे कुजवून, ठेचून वाख सोडविण्याची यंत्रे गावाच्या पल्ल्यात नसतील, तर माल घेणार कोण? म्हणून आधी आपल्या हवामानात टिकणारे निर्धोक वाण कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर सिद्ध व्हावे, मग प्रक्रियेची सोय व्हावी, आणि त्यानंतर शेतकऱ्याला आवाहन करावे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या कामाला समर्थ आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की वाखासाठी, बियांसाठी आणि औषधासाठी दार उघडावे. पण ते प्रयोगशाळेच्या बाजूने उघडावे.

तिसरा प्रश्न विकणाऱ्याचा, आणि खरा कठीण. उरुग्वेने २०१३ मध्ये कायदा करून औषधालयांतून, नोंदणी केलेल्या रहिवाशांनाच, दरमहा ४० ग्रॅमपर्यंत, शासनाने ठरविलेल्या किमतीला विक्री सुरू केली. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना ३० ग्रॅम बाळगण्याची मुभा देताना जाहिरातीवर कडक निर्बंध घातले. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून २५ ग्रॅम बाळगणे व घरी तीन झाडे लावणे मान्य केले, पण दुकाने उघडू दिली नाहीत. याउलट थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला तो सर्वंकष नियमांची तजवीज न करताच. थोड्याच काळात हजारो दुकाने थाटली गेली, आणि जून २०२५ मध्ये वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विक्री नको अशी माघार त्या शासनाला घ्यावी लागली. ज्या देशांचा प्रयोग बरा चालला त्यांच्याकडे वयाची खात्री पटविणारी यंत्रणा, मालाची प्रत तपासणाऱ्या प्रयोगशाळा, आणि तालुक्याच्या पातळीवर पोहोचलेली मानसिक आरोग्यसेवा होती. आपल्याकडे परवान्याच्या दारूची दुकाने शाळेपासून किती दूर असावीत हा नियमही गावकऱ्यांना आंदोलन करून पाळून घ्यावा लागतो, आणि राज्याच्या तिजोरीला दारूच्या महसुलाची इतकी सवय जडली आहे, की गांजाचा महसूल एकदा सुरू झाला तर सेवन आवरण्याचा हेतू मागे पडण्यास फार दिवस लागणार नाहीत. तेव्हा नशेसाठी खुल्या विक्रीला माझा आज विरोध आहे. गांजा ओढणारा पतित असतो असे मी मानीत नाही. ही विक्री सांभाळण्याचे सामर्थ्य आपल्या शासनयंत्रणेने अद्याप कमावलेले नाही, हे त्या विरोधाचे कारण आहे.

ही उत्तरे माझी आहेत, आणि ती अंतिम आहेत असा माझा दावा नाही. परंतु तिन्ही प्रश्न वेगळे करून विचारले गेले पाहिजेत याविषयी माझ्या मनात शंका नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने हिमाचलाप्रमाणे एक समिती नेमावी. तिने मुंबईत बसून तज्ज्ञांची निवेदने तेवढी वाचू नयेत. मोहोळला जाऊन शेतकऱ्याचे, सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊन वनजमिनीवर चोरून लागवड करणाऱ्या आदिवासींचे, पैठण रस्त्यावरील कारखान्यांच्या कामगारांचे आणि त्यांच्या आयांचे, व्यसनमुक्ती केंद्रांतील डॉक्टरांचे, पोलीस पाटलांचे आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्यांचे म्हणणे ऐकावे. तुरुंगात असलेल्यांपैकी किती जण वीस किलोंच्या व्यापाराचे आणि किती जण वीस किलोंच्या ओल्या भाऱ्याचे आरोपी आहेत, याची प्रकरणवार मोजणी करावी. आणि अहवाल मराठीत, सर्वांना वाचता येईल असा, प्रसिद्ध करावा. परकीय सरकारला १८९३-९४ मध्ये ११९३ माणसांना बोलते करणे जमले. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारने त्याहून कमी परिश्रमात या प्रश्नाचा निकाल लावू नये, आणि आपणही तोवर ‘खुला करा’ किंवा ‘मुळीच नको’ या दोन घोषणांपैकी एकीवर समाधान मानू नये.